तो म्हणाला की 'मी येतो': इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथनात नेमके काय बदलते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: डायरेक्ट-इनडायरेक्टचे सगळे नियम पाठ आहेत, परीक्षेत दिलेली वाक्ये बिनचूक बदलता येतात, परंतु एखाद्याचे बोलणे दुसऱ्याला इंग्रजीत सांगायची किंवा लिहून कळवायची वेळ आली की वाक्य फसते. असे का होते, आणि त्या नियमांचा तक्ता न आठवता हे जमू शकते का?

मराठीतून विचार करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकावा लागतो. माझे उत्तर असे की अडचण नियम न कळण्यात नाही. तक्ता काय बदलायचे ते सांगतो, का बदलायचे ते सांगत नाही. आणि आपल्या भाषेत हा बदल करण्याची गरजच पडत नसल्यामुळे ते 'का' आपल्याला आपोआप सुचत नाही. म्हणून सुरुवात इंग्रजीपासून न करता मराठीपासून करू.

'तो म्हणाला की मी उद्या येईन.' या वाक्यातला 'मी' कोण, असे कोणत्याही मराठी माणसाला विचारले तर तो क्षणाचाही विचार न करता सांगेल की 'मी' म्हणजे तोच, जो म्हणाला तो. मराठीत 'की' आला की सांगणारा बाजूला होतो आणि मूळ बोलणारा स्वतःच्या तोंडाने बोलू लागतो. 'मी' त्याचा, 'उद्या' त्याचा, 'येईन'मधला भविष्यकाळही त्याचाच. 'मी उद्या येईन, असे तो म्हणाला' या रचनेतही तेच घडते; संस्कृतात वाक्याच्या शेवटी 'इति' येऊन जे काम करतो, ते येथे 'असे' करतो. उलट 'तो म्हणाला की तो उद्या येईल' असे म्हटले, तर ऐकणारा थोडा थबकतो, कारण येणारा कोणी तिसराच असावा अशी शंका येते.

इंग्रजीतला 'दॅट' दिसायला 'की'सारखा असला तरी त्याला ही मुभा नाही. इंग्रजी वाक्यात 'दॅट'नंतरही बोलणारा बदलत नाही. सांगणारा आपल्या जागी, आपल्या वेळेत उभा राहूनच पुढचे सगळे सांगतो. त्यामुळे 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' या वाक्यातला 'आय' हा सांगणाराच ठरतो, आणि वाक्याचा अर्थ होतो: तो म्हणाला की उद्या मी, म्हणजे हे सांगणारा, येईन. ही केवळ व्याकरणाची चूक नाही, माणूसच बदलतो. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या कार्यालयातून परगावच्या सहकाऱ्याला 'द मॅनेजर सेड दॅट आय विल साइन द पेपर्स' असे लिहून कळवले होते. सही व्यवस्थापक करणार होते. सहकाऱ्याने मात्र सही पत्र लिहिणाऱ्यानेच करायची आहे असे धरले, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत दोन दिवस बसून राहिले. 'द मॅनेजर सेड दॅट ही वुड साइन द पेपर्स' एवढे लिहिले असते तर काम झाले असते.

मराठीप्रमाणे काळ न बदलणाऱ्या भाषा जगात इतरही आहेत. रशियन आणि जपानी भाषांतही 'तो म्हणाला'नंतर मूळ बोलण्याचा काळ तसाच राहतो. तेव्हा इंग्रजी शिकताना आपल्याला हा बदल परका वाटतो यात आपले काही उणे नाही.

आता एवढी एक गोष्ट मनाशी पक्की धरायची की इंग्रजीत सर्व मोजमाप सांगणाऱ्याच्या जागेवरून होते. 'मी-तू-तो' कोण, क्रिया कधीची, 'येथे' म्हणजे कोठे, 'उद्या' म्हणजे कोणता दिवस, हे सगळे सांगणारा स्वतःपासून मोजतो. तक्त्यातले बहुतेक नियम या एका गोष्टीचे परिणाम आहेत.

सर्वनामांचे प्रकरण यातले सर्वांत सोपे. 'शी सेड टू मी, "यू हॅव लॉस्ट माय पेन"' हे वाक्य मी सांगत असेन, तर तिच्या दृष्टीने 'यू' असलेला मी माझ्या दृष्टीने 'आय' आहे आणि तिचे 'माय' हे माझ्या दृष्टीने 'हर' आहे. म्हणून 'शी टोल्ड मी दॅट आय हॅड लॉस्ट हर पेन'. हेच वाक्य तिच्या आणि त्याच्या बाबतीत तिसरा कोणी सांगत असेल तर 'शी टोल्ड हिम दॅट ही हॅड लॉस्ट हर पेन'. प्रथम पुरुष कर्त्याप्रमाणे, द्वितीय पुरुष कर्माप्रमाणे आणि तृतीय पुरुष तसाच, असे जे सूत्र शाळेत घोकून घेतात ते बरोबर आहे, पण कोण कोणाशी बोलले आणि आता कोण सांगत आहे हे डोळ्यांसमोर आणले तर त्याची आवश्यकता उरत नाही. येथे इंग्रजीची एक खरी उणीव मात्र लक्षात ठेवावी. दोघेही पुरुष असतील तर 'ही टोल्ड हिम दॅट ही वॉज राँग' या वाक्यात चूक कोणाची ते कळत नाही. मराठीत 'तो त्याला म्हणाला की माझं चुकलं' किंवा 'तुझं चुकलं' असे म्हणून आपण सहज सुटतो. इंग्रजीत अशा वेळी सर्वनामाचा हट्ट सोडून नाव वापरावे किंवा वाक्यच बदलून 'ही ॲडमिटेड टू हिम दॅट ही वॉज राँग' असे लिहावे, म्हणजे कबुली कोणाची ते क्रियापदच सांगते.

'से' आणि 'टेल' यांच्यातला फरक येथेच उरकून घेऊ. 'टेल'ला ऐकणारा माणूस लागतो आणि तो लगेच, मध्ये 'टू' न घालता लागतो: 'ही टोल्ड मी'. 'से'ला माणूस लागत नाही, आणि सांगायचाच असेल तर 'टू' लागतो: 'ही सेड', 'ही सेड टू मी'. 'ही टोल्ड टू मी' आणि 'ही सेड मी' ही दोन्ही रूपे मराठीतल्या 'मला'मुळे आपल्या तोंडी बसली आहेत आणि ती दोन्ही चुकीची आहेत. 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी' या ठरलेल्या प्रयोगांत माणूस नसला तरी चालतो.

काळाच्या बदलाविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण सर्वांत मोठा तक्ता येथेच असतो आणि त्याची सर्वांत कमी गरजही येथेच असते.

पहिली गोष्ट म्हणजे सांगण्याचे क्रियापद वर्तमानकाळात, पूर्ण वर्तमानकाळात किंवा भविष्यकाळात असेल तर आतल्या वाक्याचा काळ हलत नाही. 'ही सेज दॅट ही इज टायर्ड', 'शी हॅज टोल्ड अस दॅट शी विल हेल्प', 'दे विल से दॅट दे डोन्ट नो' ही सर्व वाक्ये अशीच बरोबर आहेत. फोन कानाला लावून पलीकडचा काय म्हणतो ते शेजाऱ्याला सांगताना इंग्रजी बोलणारा 'ही सेज' असेच म्हणतो आणि पुढे काहीही बदलत नाही. सर्वनाम मात्र तेथेही बदलते.

सांगण्याचे क्रियापद भूतकाळात असेल तर आतले क्रियापद एक पायरी मागे जाते. याचा तक्ता पाठ करण्याऐवजी एकच निरीक्षण ध्यानात ठेवावे: क्रियापदांच्या समूहातले फक्त पहिले क्रियापद भूतकाळी रूप घेते, बाकीचे जागचे हलत नाहीत. 'इज ईटिंग'मधला 'इज' 'वॉज' होतो आणि 'ईटिंग' तसाच राहतो. 'हॅज ईटन'चे 'हॅड ईटन' होते. 'हॅज बीन वेटिंग'चे 'हॅड बीन वेटिंग' होते. 'विल ईट'चे 'वुड ईट', 'कॅन ईट'चे 'कुड ईट', 'मे ईट'चे 'माइट ईट'. समूह नसून एकच क्रियापद असेल तर तेच मागे जाते: 'ईट'चे 'एट'. जे वेगवेगळे सात-आठ नियम वाटतात ते प्रत्यक्षात हा एकच नियम आहे.

याच निरीक्षणातून अपवादही उलगडतात. 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' ही रूपे का बदलत नाहीत? कारण ती मुळातच 'विल', 'कॅन', 'मे', 'शल' यांची भूतकाळी रूपे आहेत. त्यांना आणखी मागे जायला जागा नाही. 'हॅड ईटन'ही त्याच कारणाने तसेच राहते. 'मस्ट'ला आजच्या इंग्रजीत वेगळे भूतकाळी रूप नाही, म्हणून सक्ती किंवा बंधन असेल तेव्हा 'हॅव टू'कडून 'हॅड टू' उसने घेतले जाते: 'आय मस्ट गो' याचे 'शी सेड दॅट शी हॅड टू गो'. तेथे 'मस्ट' तसाच ठेवला तरी चालतो. पण 'मस्ट'चा अर्थ 'असणारच' असा तर्काचा असेल तर 'हॅड टू' घालू नये. 'ही मस्ट बी टायर्ड' याचे 'शी सेड दॅट ही मस्ट बी टायर्ड' असेच होते. 'ही हॅड टू बी टायर्ड' असे लिहिले तर त्याला दमण्याची सक्ती झाली असाही अर्थ निघू शकतो.

साध्या भूतकाळाचे काय करायचे, हा सर्वांत अवघड भाग. शाळेत सांगतात की 'एट'चे 'हॅड ईटन' झालेच पाहिजे. परीक्षेत तसेच लिहावे, त्यात वाद नको. परंतु इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे हा बदल अनेकदा करत नाहीत, आणि केव्हा करतात याला कारण असते. 'आय ब्रोक द कप' हे वाक्य घ्या. 'ही सेड दॅट ही ब्रोक द कप' असे सांगितले तरी गोंधळ होत नाही, कारण मूळ वाक्य 'आय ब्रेक द कप' असे असण्याची शक्यताच नाही. कप फुटणे ही एकदाच घडून संपलेली घटना आहे. आता 'आय लिव्ह्ड इन लंडन' हे घ्या. 'ही सेड दॅट ही लिव्ह्ड इन लंडन' असे सांगितले तर ऐकणारा समजेल की मूळ वाक्य 'आय लिव्ह इन लंडन' होते, म्हणजे तो तेव्हा लंडनमध्येच राहत होता. येथे 'हॅड लिव्ह्ड' न वापरता गत्यंतर नाही. राहणे, असणे, माहीत असणे, आवडणे अशी स्थितिवाचक क्रियापदे असतील तर 'हॅड' घालावाच. फुटणे, पडणे, भेटणे अशा घटना असतील तर तो ऐच्छिक समजावा. वाक्यातच साल किंवा दिवस दिला असेल तर स्थितिवाचक क्रियापदालाही 'हॅड'ची गरज उरत नाही. आणि 'शी सेड दॅट शी वॉज बॉर्न इन नाइन्टीन फिफ्टी' या वाक्यात 'हॅड बीन बॉर्न' घालणे हे कानाला खटकणारेच आहे.

सार्वत्रिक सत्य असेल तर काळ बदलत नाही, हा नियम सर्वांना पाठ असतो. 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन' हे वाक्य तर प्रत्येक वहीत सापडते. या नियमाला मी थोडा रुंद करून सांगतो: सांगण्याच्या क्षणीही जी गोष्ट खरी आहे आणि जिची हमी सांगणारा स्वतः घ्यायला तयार आहे, ती वर्तमानकाळात ठेवता येते. मग ती पृथ्वीच्या भ्रमणाइतकी थोर असण्याचे कारण नाही. 'शी सेड दॅट हर ब्रदर इज अ डॉक्टर' हे बरोबर आहे, कारण भाऊ आजही डॉक्टर आहे. 'वॉज अ डॉक्टर' म्हटले तरीही बरोबरच. त्यावरून भावाने डॉक्टरकी सोडली असा अर्थ होत नाही. हे आपल्या कानाला पटायला वेळ लागतो, कारण मराठीत 'तिचा भाऊ डॉक्टर होता' म्हटले की मन साशंक होते.

हमीचा मुद्दा उलट बाजूनेही उपयोगी पडतो. एखाद्याने आजारी असल्याचे कळवले आणि त्याच दुपारी तो मैदानावर फुटबॉल खेळताना दिसला, तर 'ही सेड दॅट ही वॉज इल' असेच म्हणावे लागते. 'ही सेड दॅट ही इज इल, बट आय सॉ हिम प्लेइंग फुटबॉल' हे वाक्य विचित्र वाटते, कारण 'इज' म्हणून सांगणाऱ्याने आजाराला स्वतःची साक्ष दिलेली असते आणि पुढच्याच शब्दांत ती मागे घेतलेली असते. मराठीत हे काम 'म्हणे' करतो: 'तो आजारी आहे म्हणे.' त्या 'म्हणे'तली खोच इंग्रजीत काळ एक पायरी मागे नेऊनही थोडीफार साधता येते, हे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात.

अटीच्या वाक्यांत दोन गट पडतात. खरोखर घडू शकणारी अट असेल तर नेहमीप्रमाणे दोन्ही क्रियापदे मागे जातात: 'इफ इट रेन्स, आय विल स्टे' याचे 'ही सेड दॅट इफ इट रेन्ड, ही वुड स्टे'. कल्पनेतली अट असेल, जसे 'इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय', तर सर्वनामाखेरीज काहीही बदलत नाही, कारण तेथला भूतकाळ हा काळाचा नसून कल्पनेचा असतो.

स्थळ आणि वेळ दाखवणाऱ्या शब्दांची जोड्यांची यादी सर्वांना माहीत असते: 'नाउ'चे 'देन', 'हिअर'चे 'देअर', 'टुडे'चे 'दॅट डे', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', 'यस्टरडे'चे 'द डे बिफोर', 'अगो'चे 'बिफोर'. ही यादी चुकीची नाही, पण ती डोळे मिटून वापरली की वाक्य खोटे पडू शकते. समजा, सोमवारी सकाळी एका ग्रंथालयात कोणी मला म्हणाले, 'आय विल कम हिअर टुमॉरो.' त्याच सोमवारी दुपारी, त्याच ग्रंथालयात बसून मी हे सांगत असेन, तर 'ही सेड दॅट ही वुड कम हिअर टुमॉरो' हेच योग्य. जागा तीच आणि उद्या अजून उद्याच आहे. सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर सांगितले तर 'ही सेड दॅट ही वुड गो देअर टुमॉरो'. येथे 'कम'चेही 'गो' झाले, कारण येणे की जाणे हेदेखील सांगणाऱ्याच्या जागेवरून ठरते. मंगळवारी त्याच ग्रंथालयात त्याची वाट पाहत असताना सांगितले तर 'ही सेड दॅट ही वुड कम हिअर टुडे'. महिन्याभराने दुसऱ्या गावी सांगितले तर कोठे 'ही सेड दॅट ही वुड गो देअर द नेक्स्ट डे' हे पुस्तकी रूप योग्य ठरते. एकाच मूळ वाक्याची ही चार उत्तरे आहेत आणि चारही बरोबर आहेत. परीक्षेतल्या वाक्याला ना दिवस असतो ना जागा, म्हणून तेथे शेवटचेच उत्तर धरतात. इतर ठिकाणी आधी स्वतःला विचारावे की मी आता कोठे आहे आणि आज कोणता दिवस आहे.

प्रश्न अप्रत्यक्ष करताना सर्वांत जास्त चुका होतात. एका वहीत मला सापडलेले वाक्य असे होते: 'ही टोल्ड टू मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह?' या आठ-नऊ शब्दांत पाच चुका आहेत आणि त्यातली एकही आळसातून आलेली नाही. 'त्याने मला विचारले की तू कुठे राहतोस?' हे बिनचूक मराठी वाक्य शब्दशः उतरवल्याचा तो परिणाम आहे.

एकेक पाहू. विचारणे आहे, म्हणून 'टोल्ड टू'च्या जागी 'आस्क्ड' हवे. मराठीत सांगणे आणि विचारणे या दोन्हींनंतर 'की' चालतो, इंग्रजीत 'आस्क'नंतर प्रश्न आला तर 'दॅट' चालत नाही. 'व्हेअर', 'व्हाय', 'व्हॉट' हे शब्द स्वतःच जोडण्याचे काम करतात. 'यू' म्हणजे मीच, म्हणून 'आय'. प्रश्नचिन्ह जाते, कारण पूर्ण वाक्य आता प्रश्न विचारत नाही, प्रश्न विचारला गेल्याची बातमी देते. आणि 'डू' जातो. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे. इंग्रजीत कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल हीच प्रश्नाची खूण असते, आणि अदलाबदलीसाठी कोणी साहाय्यक नसेल तर 'डू' आणून बसवतात. बातमीत प्रश्नाची खूण नको असते, म्हणून अदलाबदल रद्द होते, आणि केवळ त्यासाठी आणलेला 'डू' निघून जाताना काळ मुख्य क्रियापदावर ठेवून जातो. उरते ते 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. त्याच न्यायाने 'व्हाय आर यू लेट?' याचे 'शी आस्क्ड मी व्हाय आय वॉज लेट' होते, 'व्हाय वॉज आय लेट' नव्हे. 'हू ब्रोक द कप?' यात 'हू' स्वतःच कर्ता असल्यामुळे अदलाबदल मुळातच नव्हती, म्हणून क्रम तसाच राहतो: 'शी आस्क्ड हू हॅड ब्रोकन द कप'.

विद्यार्थी 'डू' सोडायला का कचरतात हे मी समजू शकतो. मराठीत प्रश्नासाठी शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही; त्यामुळे 'डू' आणि 'डज' वापरायला शिकण्यासाठीच त्यांनी बरेच कष्ट घेतलेले असतात, आणि आता तेच टाकून द्या असे सांगितले की अन्याय वाटतो. ही सवय अप्रत्यक्ष कथनापुरती मर्यादितही नाही. 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?' हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. तो 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' असा हवा, कारण अदलाबदल बाहेरच्या 'कॅन यू'ने आधीच केलेली आहे.

हो किंवा नाही एवढेच उत्तर अपेक्षित असलेल्या प्रश्नांत मराठीतल्या 'का'ची जागा 'इफ' किंवा 'व्हेदर' घेते: 'ही आस्क्ड मी इफ आय न्यू हर'. दोन्ही चालतात, मात्र लगेच पुढे 'ऑर नॉट' किंवा 'टू'सह क्रियापद येणार असेल तर 'व्हेदर'च हवा.

काही वाक्ये दिसतात प्रश्न, पण असतात वेगळेच. 'विल यू प्लीज क्लोज द डोअर?' असे म्हणणाऱ्याला माहिती नको असते, दार लावून हवे असते. म्हणून 'ही आस्क्ड मी टू क्लोज द डोअर'. 'शल आय कॅरी युअर बॅग?' ही तयारी आहे: 'ही ऑफर्ड टू कॅरी माय बॅग'. वाक्याचा आकार न पाहता बोलणाऱ्याचा हेतू पाहावा आणि त्याला साजेसे क्रियापद निवडावे. 'सेड' आणि 'टोल्ड' यांवरच अडून बसलेले इंग्रजी बरोबर असूनही कोरडे वाटते. 'ॲडमिटेड', 'प्रॉमिस्ड', 'रिफ्यूज्ड', 'वॉर्न्ड', 'ॲडेड' ही क्रियापदे हाताशी ठेवली तर अर्धे वाक्य त्यांच्यातच सामावते.

आज्ञा, विनंती आणि सल्ला यांच्या बाबतीत मात्र मराठी आपल्या मदतीला येते. 'त्याने मला जायला सांगितले' आणि 'ही टोल्ड मी टू गो' यांची घडण एकच आहे. 'जायला' म्हणजेच 'टू गो'. नकार असेल तर 'टू'च्या आधी 'नॉट': 'ही टोल्ड मी नॉट टू गो'. 'फॉरबेड' वापरला तर 'नॉट' नको, कारण मनाई त्या शब्दातच आहे. एक क्रियापद या रांगेत बसत नाही आणि तेच सर्वांना बसवायचे असते, ते म्हणजे 'सजेस्ट'. 'ही सजेस्टेड मी टू गो' हे चुकीचे आहे. 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो' किंवा सर्वांनी मिळून करण्याची गोष्ट असेल तर 'ही सजेस्टेड गोइंग' असे म्हणावे. 'लेट्स गो' या वाक्याचे उत्तरही हेच. 'ॲडव्हाइज्ड मी टू गो' मात्र बरोबर आहे.

उद्गारवाचक वाक्यांवर शाळा जेवढा वेळ घालवते तेवढा घालवण्याची गरज मला कधी वाटली नाही. 'ही एक्स्क्लेम्ड विथ जॉय' आणि 'एक्स्क्लेम्ड विथ सॉरो' ही परीक्षेची भाषा आहे. ती परीक्षेत लिहावी. एरवी 'व्हॉट अ ब्यूटिफुल हाउस!' याचे 'शी सेड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल हाउस' एवढे पुरते.

शेवटी एक छोटा संवाद बदलून पाहू. डॉक्टरबाई विचारतात, 'हाउ लाँग हॅव यू हॅड दिस फीव्हर?' रुग्ण सांगतो, 'इट स्टार्टेड थ्री डेज अगो. आय टुक सम टॅब्लेट्स, बट दे डिड नॉट हेल्प.' डॉक्टर म्हणतात, 'डोन्ट टेक एनी मोअर ऑफ देम. आय विल गिव्ह यू अ डिफरंट मेडिसिन. यू मस्ट कम बॅक ऑन मंडे इफ द फीव्हर डझन्ट गो डाउन.'

काही आठवड्यांनी तिसऱ्या माणसाने हे सांगितले तर असे होईल: 'द डॉक्टर आस्क्ड हिम हाउ लाँग ही हॅड हॅड द फीव्हर. ही रिप्लाइड दॅट इट हॅड स्टार्टेड थ्री डेज बिफोर अँड दॅट ही हॅड टेकन सम टॅब्लेट्स, बट दे हॅड नॉट हेल्प्ड. द डॉक्टर टोल्ड हिम नॉट टू टेक एनी मोअर ऑफ देम, सेड दॅट शी वुड गिव्ह हिम अ डिफरंट मेडिसिन, अँड ॲडेड दॅट ही वुड हॅव टू कम बॅक ऑन मंडे इफ द फीव्हर डिड नॉट गो डाउन.'

'हॅड हॅड' पाहून दचकू नये. 'हॅव हॅड'मधले पहिले क्रियापद मागे गेले एवढेच. 'दिस फीव्हर'चे 'द फीव्हर' झाले, 'दॅट फीव्हर' नव्हे, कारण सांगणारा त्या तापाकडे बोट दाखवत नाही. दुसऱ्या वाक्यात 'अँड'नंतर 'दॅट' पुन्हा आला आहे. तो गाळला तर गोळ्या घेतल्याची माहिती रुग्णाने दिली की सांगणाऱ्याने स्वतः जोडली, याविषयी शंका राहते. 'मस्ट'चे येथे 'हॅड टू' न होता 'वुड हॅव टू' झाले, कारण ते बंधन पुढच्या सोमवारचे होते आणि तेही ताप उतरला नाही तरच लागू होणार होते.

आता हेच बोलणे त्याच संध्याकाळी रुग्णाची पत्नी फोनवर कोणाला सांगत आहे अशी कल्पना करा. ती वरचा परिच्छेद म्हणून दाखवणार नाही. डॉक्टरांचा प्रश्न आणि नवऱ्याचे उत्तर ती गाळून टाकेल, कारण फोनवरच्या माणसाला ते आधीच माहीत आहे. ती म्हणेल, 'द डॉक्टर हॅज चेंज्ड द मेडिसिन. शी सेज ही मस्ट गो बॅक ऑन मंडे इफ द फीव्हर डझन्ट गो डाउन.' 'सेज' वर्तमानकाळात, म्हणून 'मस्ट' आणि 'डझन्ट' जागच्या जागी. 'यू'चा 'ही' झाला. आणि 'कम बॅक'चे 'गो बॅक' झाले, कारण ती दवाखान्यात नाही, घरी आहे.